दात न आलेली लेकरं

गेल्या दिवाळीत सोनपेठला घरी होतो. ओसरीवर बसून मोबाईलवर इनामगावच्या उत्खननाबद्दल वाचत होतो, त्यातला एक फोटो आजीला दाखवला. खड्ड्यात आडवे ठेवलेले दोन मातीचे रांजण, तोंडाला तोंड लावलेले. आत तान्ह्या बाळाची हाडं, तीन हजार वर्षांपूर्वीची. आजीनं चष्मा सारखा केला, बघितलं आणि म्हणाली, "बरोबर हाय की. दातं न आलेल्या लेकराला जाळत नसतेत."

आई तिथंच भांडी पुसत होती. ती काही बोलली नाही. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती, चार महिन्यांची होऊन गेली. आमच्या शेताच्या बांधाला तिला पुरलंय. तिचा एकही फोटो नाही.

इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी जवळपास पंधरा वर्षं तिथं खोदकाम केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात तिथं शेतकऱ्यांचं गाव होतं. जव पिकवणारे, गुरं पाळणारे, लाल भांड्यांवर काळी नक्षी काढणारे लोक. या भांड्यांना संगमनेरजवळच्या जोर्वे गावाचं नाव मिळालं. पैठणजवळच्या आपेगावातही अशी वस्ती होती, आणि तिथून खाली येणारी गोदावरी आमच्या तालुक्याच्या थडीच्या गावांना लागूनच पुढं जाते.

इनामगावात दोनशेहून जास्त दफनं सापडली, त्यातली बहुतेक लहान मुलांची. स्मशान असं वेगळं नव्हतंच. घराच्या जमिनीखाली पुरायचं, वर सारवायचं आणि तिथंच चूल पेटवायची, झोपायचं. मोठ्या माणसांना उत्तरेकडं डोकं करून आडवं पुरत, पण घोट्याखाली पाय तोडून. मेलेल्यानं भूत होऊन निघून जाऊ नये म्हणून, असा ढवळीकरांचा तर्क. एका साधारण चाळिशीच्या पुरुषाचे पाय मात्र शाबूत आहेत. त्याला पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलेलं. मोठ्या माणसाला नियम वेगळा, हे तेव्हापासूनचं दिसतंय.

मला थांबवलं ते दातांनी. आजीचा नियम दातांवर चालतो आणि अभ्यासकांचाही: बाळाचं वय हिरडीत दात कुठवर तयार झालाय यावरून काढतात. दुधाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात. त्या काळात शरीरावर ताण आला, की दाताच्या वरच्या थरात खोट राहते आणि ती पुन्हा भरून येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ही लॉग फाईल, एकदा लिहिली की बदलत नाही. जॉन लुकास आणि सुभाष वाळिंबे यांना इनामगावच्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर असे खड्डे सापडले. ग्वेन रॉबिन्स शूग यांनी २०११च्या पुस्तकात नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या मुलांची हाडं मोजून मांडणी केली. इ.स.पू. १०००नंतर इनामगावात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. या उशिराच्या काळातल्या मुलांच्या वाढीवर उपासमारीच्या खुणा ठळक होतात. उसतोडीला गेलेल्या आईबापांमागं फडावर फिरणारी लेकरं आमच्याकडं दर हिवाळ्यात दिसतात, त्यामुळं हे वाचायला मला तीन हजार वर्षं मागं जावं लागलं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र प्रश्न एकच: ते लोक आपले की बाहेरचे? त्यासाठी डीएनए लागतो आणि आपल्याकडची उष्णता तो टिकू देत नाही. हरियाणातल्या राखीगढीत वसंत शिंदे यांच्या पथकानं ६१ नमुने तपासले. उपयोगी डीएनए एकाच स्त्रीच्या कानामागच्या टणक हाडातून मिळाला, तोही इतका थोडा की शंभराहून जास्त वेळा प्रक्रिया करून तुकडे जुळवावे लागले. २०१९मध्ये निष्कर्ष आला: तिच्यात इराणच्या प्राचीन लोकांशी नातं सांगणारा वंश आहे, दक्षिण आशियातल्या शिकारी लोकांचा आहे, मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा नाही. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो असं जाहीर केलं. सिंधू संस्कृतीतल्या त्या एका बाईला घोडकाठच्या माणसांच्या वतीनं उत्तर द्यायला लावणं मला पटत नाही. मध्ये हजारेक वर्षं आणि हजाराहून जास्त किलोमीटर आहेत. आणि उद्या इनामगावचा डीएनए वाचला, तरी त्या बाळाच्या आईला शेवटच्या महिन्यांत पोटभर मिळालं का, हे दातच सांगणार.

हे सगळं मी आजीला माझ्या परीनं सांगत होतो. भांडी पुसून झाल्यावर आईनं विचारलं, "त्या रांजणात लेकराबरोबर काही ठिवलं होतं का?"

सांगितलं, की एखादा वाडगा, तोटीचं छोटं भांडं असायचं. नेवाशाला तर एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, तांब्यामुळं आतला धागासुद्धा कुजला नव्हता.

"आम्ही दुधाची वाटी ठिवली होती," ती म्हणाली, आणि भांडी उचलून आत गेली.