नको असलेल्या कणांचा इतिहास

बाबा तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला होते. कामावर असताना त्यांच्या शर्टाच्या खिशावर एक बिल्ला लावलेला असे. आत फोटोची फिल्म, वर धातूच्या पातळ चकत्या. फिल्म जितकी काळवंडेल, तितका किरणोत्सर्ग अंगावर आला असा हिशोब. बिल्ला घरी आणायचा नाही, रॅकवर ठेवून यायचं, अशी शिस्त होती. त्यामुळे मी तो पहिल्यांदा पाहिला तो बाबांच्या एका जुन्या फोटोत. त्या रॅकवर एक बिल्ला कुणाच्याच नावाचा नसे. तो कुणी लावायचा नाही, नुसता ठेवून द्यायचा. त्याचीही फिल्म थोडी काळवंडे, कारण आकाशातून आणि जमिनीतून किरण येतच असतात. तेवढा काळेपणा वजा केल्याशिवाय माणसाला मिळालेला डोस कळत नाही.

मी सरावलीत राहते आणि अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा विषय निघाला की वर्गातून प्रश्न येतो, "मॅडम, त्यात आपलं काय?" मी त्या बिनमालकाच्या बिल्ल्यापासून सुरुवात करते. कण पकडायला लागल्यापासून हवा तो कण आणि नको ते कण वेगळे काढणं हेच या धंद्यातलं सर्वांत कठीण काम राहिलेलं आहे. त्या कामात मुंबईचा वाटा फार जुना आहे, आणि अजून बांधलेल्याच नसलेल्या यंत्रांतही तो आहे.

होमी भाभा केंब्रिजला असताना त्यांनी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित मांडलं. ते 1936 साली प्रसिद्ध झालं. त्या वेळी हे दोन कण समोरासमोर आदळवणारं यंत्र जगात कुठेच नव्हतं. 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी ती बंगळुरूहून मुंबईला, पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' बंगल्यात आली. मोठा त्वरक उभारण्याइतका पैसा नव्हता, पण आकाशातून विश्वकिरण फुकट येत होते. संस्थेने पॉलिथिनचे फुगे बनवले आणि त्यांतून फोटोग्राफिक इमल्शनच्या जाड थाळ्या वर सोडल्या. या थाळ्या म्हणजे बाबांच्या बिल्ल्यातल्या फिल्मचीच जाड आणि चांदीने भरलेली बहीण. कण आरपार गेला की काळ्या ठिपक्यांची रेघ उमटे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्तास डोळे ताणून ती शोधावी लागे.

मग उलटा प्रवास सुरू झाला, जमिनीच्या पोटात. कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे 2.3 किलोमीटर खोलीवर टाटा संस्था, जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून सिंटिलेटर, म्हणजे कण गेला की चमकणारे पदार्थ, आणि निऑनच्या नळ्या लावल्या. एवढ्या खोलवर जाण्याचं कारण तेच, नको ते कण वजा करणं. डोक्यावरचा खडक विश्वकिरणांतले म्युऑन गाळून टाकतो. न्यूट्रिनो मात्र खडकाला जुमानत नाही. 1965 साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोच्या खुणा तिथे सापडल्या. जवळजवळ त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतही तसाच शोध लागला. जगात अशा खुणा पहिल्यांदाच दिसत होत्या. आमच्याकडे तारापूरचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं. केंद्रातून व्यापारी तत्त्वावर वीज मिळायला 1969 चा ऑक्टोबर उजाडला.

आता मला ज्या बाईंबद्दल सांगायचं आहे, त्यांच्यापाशी येते. डॉ. रोहिणी गोडबोले यांचा जन्म 1952 चा, पुण्याचा. शाळा हुजूरपागा, मग स. प. महाविद्यालय, मग मुंबईची आयआयटी, आणि पीएच.डी. अमेरिकेत. परत आल्यावर काही वर्षं टाटा संस्थेत काढून 1982 ते 1995 त्या मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या. आपल्याकडच्या विद्यापीठांत तास घेऊन, पेपर तपासून संशोधन करणं किती जड जातं हे मला ठाऊक आहे. म्हणून 1991 सालच्या त्यांच्या एका निबंधाचं मला विशेष वाटतं.

जर्मन शास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांच्यासोबत लिहिलेल्या त्या निबंधात प्रश्न असा होता. भविष्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन सरळ रेषेत पळवून आदळवणारी प्रचंड यंत्रं बांधायची आहेत. टकरी पुरेशा व्हाव्यात म्हणून कणांचे झुपके काही नॅनोमीटरपर्यंत दाबावे लागतात. इतके दाट झुपके समोरासमोर आले की एकाच्या विद्युतचुंबकीय क्षेत्राने दुसऱ्याचे कण वाकतात, आणि वाकताना प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, फेकतात. हे फोटॉनही एकमेकांवर आदळतात. फोटॉन हा निव्वळ प्रकाश म्हणून धरला तर विशेष काही बिघडत नाही. पण उच्च ऊर्जेला तो कधीकधी क्वार्क आणि ग्लुऑन यांच्या जुडग्यासारखा वागतो. तेव्हा त्या टकरीतून हॅड्रॉन कणांचे फवारे उडतात आणि हव्या त्या घटनेवर कचऱ्यासारखे पसरतात. ड्रीस आणि गोडबोले यांनी दाखवलं की काही आराखड्यांत हा कचरा झुपक्यांच्या प्रत्येक भेटीगणिक गोळा होईल. कोलारला खडक मदतीला होता. इथे खडकाचा काही उपयोग नाही, कारण कचरा यंत्रातच जन्मतो.

या एका हिशोबाने शोधकांची, म्हणजे डिटेक्टरची रचना बदलायला लावली. सर्नच्या क्लिक नावाच्या प्रस्तावित यंत्राचं उदाहरण घ्या. त्यात दर अर्ध्या नॅनोसेकंदाला एक भेट, अशा 312 भेटींची माळ असते. 3 टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला प्रत्येक भेटीत असे सरासरी तीनहून अधिक फोटॉन-अपघात अपेक्षित आहेत. म्हणून डिटेक्टरने कण कुठे गेला एवढंच सांगून भागत नाही, केव्हा गेला तेही सांगावं लागतं. सिलिकॉनच्या थरांनी सुमारे 10 नॅनोसेकंदांपर्यंत आणि ऊर्जा मोजणाऱ्या कॅलरीमीटरने 1 नॅनोसेकंदापर्यंत. जपानमध्ये विचाराधीन असलेल्या आयएलसी या अशाच सरळ रेषेतल्या यंत्रात दोन भेटींत 554 नॅनोसेकंदांची उसंत आहे, त्यामुळे तिथलं गणित निराळं. त्या यंत्रासाठी आलेले डिटेक्टरचे प्रस्ताव तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटातही गोडबोले होत्या. 25 ऑक्टोबर 2024 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. आयएलसी तेव्हा उभं नव्हतं, आजही नाही. ज्या यंत्राची वीटही रचलेली नाही, त्याच्या अडचणी इतक्या आधी मोजून ठेवायच्या, या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे.

कागदावरच्या गणिताइतकंच हातांचं कामही इथे झालं. सर्नच्या सीएमएस या शोधकात चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर जी सिंटिलेटरची झोळी आहे, आतून निसटलेली ऊर्जा झेलणारी, ती टाटा संस्था आणि पंजाब विद्यापीठाने घडवली. म्युऑन टिपणाऱ्या काही आरपीसी पेट्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जुळवल्या गेल्या. त्यात बेकेलाइटच्या दोन पत्र्यांमध्ये 2 मिलिमीटरची फट ठेवून वायू भरतात आणि हजारो व्होल्टचा दाब देतात. फट सगळीकडे सारखी राखणं, कडा हवाबंद करणं, गळती तपासणं ही सगळी कामं निगुतीची. बोईसरच्या एमआयडीसीत गॅस्केट बसवणारा, सील तपासणारा फिटर हे वाचेल तर त्याला यातलं काही परकं वाटणार नाही.

त्याच सीएमएससाठी आता नवा कॅलरीमीटर तयार होतो आहे. त्यात सुमारे 600 चौरस मीटर सिलिकॉन आणि साठ लाखांच्या आसपास वाहिन्या आहेत. त्याचे सिलिकॉनचे मॉड्यूल जुळवणाऱ्या जगातल्या मोजक्या केंद्रांपैकी एक कुलाब्याला, टाटा संस्थेत आहे. षटकोनी चकती, तिच्यावर इलेक्ट्रॉनिक्सचा बोर्ड आणि दोघांना जोडणाऱ्या केसाहून बारीक तारा. पुढच्या यंत्रांच्या कॅलरीमीटरसाठीही हीच विद्या लागणार आहे.

पुढचं यंत्र म्हणून सर्नने ज्याचा व्यवहार्यता अहवाल 2025 च्या मार्चअखेर दिला, त्या एफसीसीचा बोगदा 90.7 किलोमीटर लांबीचा असेल. सध्याचा 27 किलोमीटरचा आहे. खोदलेल्या मातीचं काय करणार, जमिनीवरच्या आठ जागा कुठल्या शेतांत येणार, असं तिथले गावकरी विचारताहेत. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं तारापूरच्या नव्या अणुभट्ट्यांसाठी उठलेली ज्यांनी पाहिली, त्यांना हे प्रश्न विज्ञानाच्या आड येणारे वाटणार नाहीत. ते आधी विचारले गेले पाहिजेत.

त्या बोगद्यात पहिल्या टप्प्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच आदळवायचे आहेत. एकूण टकरी किती झाल्या हे कळल्याशिवाय कुठल्याच मोजमापाला अर्थ नसतो, आणि ते ठरवायला अशी घटना लागते जिचं गणित अगदी पक्कं आहे. त्यासाठी शलाकेच्या नळीलगत, अगदी लहान कोनांत, खास कॅलरीमीटर बसवतील आणि त्यांत भाभा विखुरण, म्हणजे होमी भाभांनी 1936 साली ज्याचं गणित मांडलं तेच विखुरणं, मोजतील, दहा हजारांत एक चूक होईल इतपत अचूक. त्यासाठी डिटेक्टरची आतली कड कुठे आहे हे मायक्रोमीटरमध्ये ठाऊक असावं लागतं. हे यंत्र मंजूर झालं तर सुरू व्हायला 2040 चं दशक सरत आलेलं असेल. माझ्या बारावीच्या वर्गातली मुलं तेव्हा चाळिशीच्या घरात असतील. अशी कड बसवायला आणि तपासायला आयटीआय झालेलेही लागतील, एम.एस्सी. झालेलेही.