अतिमानवांच्या सभेतील स्थूलदेही वीर

संस्कृत नाटकातील विदूषकास मोदकांची हाव असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. राजाच्या विरहव्यथेच्या ऐन भरात त्यास भूक लागते आणि प्रेक्षक हसतात. नायक देखणा व बांधेसूद, विदूषक खादाड व बेढब, अशी ही रंगभूमीवरची वाटणी. देवालयात ती चालत नाही. तेथे ज्याचे पूजन सर्वांआधी व्हावयाचे, तो लंबोदर आहे. बकासुरासाठी नेलेले गाडाभर अन्न त्याच्याच देखत फस्त करून मग त्यास लोळविणारा वृकोदर भीमही कोणास विदूषक वाटत नाही. पोट मोठे असणे आणि पराक्रम मोठा असणे यांत आमच्या पुराणकारांस विसंगती दिसली नाही. गेल्या शतकात अमेरिकेत जन्मास आलेल्या एका वीरकथेत मात्र ही विसंगती हळूहळू गृहीत धरली गेली. ज्यांना तेथे सुपरहीरो म्हणतात, त्या अतिमानवी वीरांच्या चित्रकथांविषयी आम्ही बोलत आहो. या चित्रकथांत स्थूल वीर अलीकडे, वाचकांच्या आग्रहामुळे आले, असा एक समज आहे. तो खरा नाही. ते आरंभापासून तेथे होते. त्यांना मागाहून दाराबाहेर काढण्यात आले.

क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्मिलेला सुपरमॅन १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. चित्रे काढणाऱ्या शुस्टरला शरीरसौष्ठवाच्या मासिकांचा नाद होता. अंगाला घट्ट बसणारा वेष आणि त्यावरची आखूड चड्डी, हा थाट त्याने सर्कशीतल्या शक्तिप्रयोग करणाऱ्या पहिलवानांवरून उचलला. म्हणजे या वीराचे शरीर मुळात कसरतीच्या तंबूतून आले. त्याच काळात कॉमिकच्या पानांवर चार्ल्स ॲटलास या व्यायामशिक्षकाच्या जाहिराती झळकू लागल्या. समुद्रकिनारी एक दांडगट किडकिडीत तरुणाच्या तोंडावर वाळू उडवतो. तरुण टपालाने आलेले धडे गिरवून बलदंड होतो व परत जाऊन त्या दांडगटास ठोसा लगावतो, एवढीच कथा. १९४१ चा कॅप्टन अमेरिका हीच कथा निराळ्या शब्दांत सांगतो. तेथे धड्यांऐवजी रसायन आहे, इतकाच फरक. जाहिरात व गोष्ट एकाच पुस्तिकेत पाठीला पाठ लावून छापली जात असता, दुबळे शरीर बदलल्यावाचून पराक्रम नाही, हा धडा कोवळ्या वाचकाने घेतला तर नवल ते काय!

परंतु याच वर्षांत न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तीत किराणा मालाचे दुकान चालवणारी एक धिप्पाड, स्थूल, मुलाबाळांची आई वीरवेष धारण करून बसली होती, तिची गोष्ट आता सांगितली पाहिजे. तिचे नाव ॲबिगेल हंकेल. वस्तीत ती 'मा हंकेल'. शेल्डन मेयर या चित्रकाराने तिला १९३९ मध्ये 'ऑल-अमेरिकन कॉमिक्स'मधील एका विनोदी मालिकेत आणले. सुपरमॅनची ठिकठिकाणी नाकारलेली चित्रे स्वीकारावीत असा आग्रह धरणारा मेयर तो हाच. वस्तीतल्या गुंडांनी मुलांना पळवून नेले तेव्हा १९४० मध्ये या बाईने तांबडी लांब लोकरी अंतर्वस्त्रे चढवली, डोक्यावर स्वयंपाकाचे पातेले शिरस्त्राणासारखे पालथे घातले, त्यास डोळ्यांपुरती भोके पाडली आणि 'रेड टॉर्नेडो' म्हणजे तांबडे वादळ हे नाव घेऊन ती गुंडांवर तुटून पडली. तिच्यापाशी ना रसायन, ना मंत्र, ना परग्रहावरील जन्म. पोती उचलून कमावलेले दंड आणि पोरांवरची माया, एवढेच तिचे भांडवल. स्त्री सुपरहीरोंच्या पहिल्या फळीत तिची गणना होते. वंडर वुमन तिच्यानंतरची आहे.

मेयरला तिची थट्टा करावयाची नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. थट्टा आहे, भरपूर आहे. १९४० च्या अखेरीस 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात अतिमानवांची पहिली सभा भरली. तेथे ही बाई मोठ्या ऐटीत येते आणि लगबगीने निघून जाते, कारण तिची विजार फाटलेली असते. पण हसू कशाचे येते ते पाहावे. टापटिपीने केप पांघरून मेजाभोवती बसलेल्या त्या वीरांच्या गांभीर्यात पातेले डोक्यावर घेतलेली बाई शिरली, की त्यांचा थाटच अंमळ हास्यास्पद दिसू लागतो. विजार त्यांचीही फाटू शकली असती, हा विचार वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. विदूषकाने राजाला हसावे, हीही जुनीच रीत आहे.

दुसरी स्त्री एटा कँडी. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने वंडर वुमनची कथा रचली व एच. जी. पीटरने ती चित्रित केली. तिच्या सखीच्या रूपाने १९४२ मध्ये एटा आली. बुटकी, गोल, हातात सदैव मिठाईचा डबा. महाविद्यालयातील मुलींची सेना घेऊन ती शत्रूच्या तळावर चाल करून जाते, आणि मिठाई कमी करण्याचा उपदेश कोणी केलाच तर तो हसून उडवून लावते. स्वतःच्या शरीराविषयी तिला रतिभरही लाज नाही. मार्स्टन १९४७ मध्ये वारला आणि मालिका दुसऱ्या हाती गेली. एटा मागे पडली, आणि पुढे जेव्हा जेव्हा ती परतली तेव्हा वजनाची चिंता तिच्या कपाळी लिहिलेली होती. आमच्या मते मूळ एटा तिच्या सर्व उत्तरावतारांहून अधिक शहाणी होती.

कॅप्टन मार्व्हलच्या कथेतही एक चमत्कारिक प्रसंग आहे. बिली बॅट्सन हा पोरगा 'शझाम' असा उच्चार करताच महावीर होतो. हा शब्द सॉलोमन, हर्क्युलिस आदी सहा नावांच्या आद्याक्षरांचा बनलेला, म्हणजे एक प्रकारचा बीजमंत्रच. १९४१ मध्ये त्याच नावाचे आणखी तीन मुलगे त्यास येऊन मिळाले. त्यांतला एक लठ्ठ होता. तिघांनीही मंत्र उच्चारला, तिघेही महावीर झाले, आणि लठ्ठ मुलगा लठ्ठ महावीर झाला! मंत्राने त्यास बळ दिले, उड्डाण दिले, पण पोट काढून घेतले नाही. ॲटलासच्या जाहिरातीला इतके सडेतोड उत्तर त्या काळात दुसरे दिले गेले नसावे.

उलट गती कशी सुरू झाली याची तारीखही देता येते. बॅटमॅनचा निष्ठावान सेवक आल्फ्रेड १९४३ मध्ये प्रथम आला तेव्हा तो गुबगुबीत, सफाचट दाढीमिशांचा होता. त्याच वर्षी बॅटमॅनवर निघालेल्या साखळी चित्रपटात ते काम विल्यम ऑस्टिन या बारीक अंगाच्या व मिशाळ नटाने केले. झाले! जानेवारी १९४४ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये आल्फ्रेड रजा घेऊन आरोग्यधामास गेला आणि सडपातळ होऊन, मिशी राखून परतला. पुढे ऐंशी वर्षे तो तसाच आहे. विनोदी कथा लिहिणाऱ्यांनी निदान रजेचे निमित्त तरी शोधले, एवढे श्रेय त्यांना द्यावयास हवे.

नायकांच्या पंक्तीतून उठवलेली चरबी खलनायकांच्या वाट्यास मुबलक आली. पेंग्विन १९४१ पासूनच होता. १९६४ मध्ये सर्कशीतून आलेला ब्लॉब, म्हणजे नुसता गोळा, एक्स-मेनसमोर उभा ठाकला. १९६७ मध्ये स्पायडर-मॅनचा वैरी किंगपिन आला; तो तर आपले अवाढव्य शरीर चरबी नसून निव्वळ स्नायू आहे असे बजावतो. खलनायकासही चरबीची लाज वाटावी, येथवर मजल गेली.

साठोत्तरी काळात दोन स्थूल वीर लक्षात राहण्याजोगे झाले. चक टेन ऊर्फ बाउन्सिंग बॉय १९६१ मध्ये आला. शास्त्रज्ञाकडे पोचवावयाचे रसायन सरबत समजून पिऊन टाकल्यामुळे त्याचे अंग चेंडूप्रमाणे फुगते व उसळते. तीसाव्या शतकातल्या तरुण वीरांच्या संघाने त्यास आधी हसून परत पाठवले. मग विजेचा प्रहार करणाऱ्या एका चोरापुढे बाकीचे हतबल झाले असता, उसळीत असल्याने ज्याचे पाय जमिनीला लागलेले नव्हते त्या या मुलास धक्का बसला नाही, आणि चोर त्याने पकडला. शाळेतल्या पदार्थविज्ञानाचा हा उपयोग आम्हांस फार आवडला. १९७४ मध्ये त्याचे लग्न झाले, तेही संघातल्याच एका वीरांगनेशी. विदूषकाला नायिका मिळाल्याची उदाहरणे आमच्याकडेही थोडीच.

दुसरा हर्बी पॉपनेकर. हा १९५८ मध्ये एका लहान प्रकाशनाच्या मासिकात आला. लेखक रिचर्ड ह्यूज, चित्रकार ऑग्डेन व्हिटनी. जाड भिंगांचा चष्मा, अर्धवट मिटलेले डोळे, तोंडात काडीवरची गोळी. हा मुलगा हवेत चालतो, भूतकाळात जातो, प्राण्यांशी बोलतो. सारी सृष्टी त्यास ओळखते. ओळखत नाही तो फक्त त्याचा बाप. घरी बसून काही न करणारा लठ्ठ निरुपयोगी मुलगा, हीच बापाची तक्रार, आणि ती अंकामागून अंक चालू राहते. १९६५ मध्ये हर्बीने 'फॅट फ्युरी' या नावाने वीरवेष घेतला, त्यात डोक्यावर मोरी तुंबली असता वापरतात तो रबरी दट्ट्या होता. मा हंकेलच्या पातेल्याचा हा सख्खा भाऊ! व्हिटनीची रेघ इतकी सरळ व गंभीर आहे की हसू हर्बीचे येत नाही, बापाचे येते. घरोघरी जेवताना मुलांच्या शरीरावर टीका करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही पाने वाचावीत असे आम्हांस मनापासून वाटते.

आमच्या मुलांपर्यंत या कुळातली चित्रे पोचली ती मुंबईहून. १९६४ पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉकचा फँटम मराठीत 'वेताळ' होऊन आला. गोव्याकोकणात वेताळ हे ग्रामदैवत. तेव्हा घट्ट वेषातला हा परका वीर पाहून काहींना मौज वाटली असेल. १९६७ मध्ये कारकळचे अनंत पै यांनी अमर चित्र कथा सुरू केली आणि पुराणे चित्रांत उतरली. त्या कामाचे ऋण मोठे आहे. तरीही त्या पानांत देव व राजे बांधेसूद आणि राक्षस बहुधा स्थूल, अशी वाटणी पुन्हा आली, हे नमूद केले पाहिजे. कोकणी घरात वाढलेल्या पैंना लंबोदर परका नव्हता. चित्राची सवय मात्र परकी होती.

१९८६ मध्ये अमांडा वॉलर आली. शिकागोच्या गरीब वस्तीतली, नवरा व दोन मुले हिंसेत गमावलेली, कृष्णवर्णीय, स्थूल, मध्यमवयीन विधवा. ती अट्टल गुन्हेगारांकडून सरकारचे काम करून घेते, आणि प्रसंगी बॅटमॅनलाही पुढे पाऊल टाकू देत नाही. तिला 'भिंत' म्हणत. अतिमानवी शक्ती तिच्यापाशी एकही नाही. जे आहे ते त्या भारदस्त, हलविता न येणाऱ्या देहात आहे. २०११ मध्ये त्या प्रकाशनाने आपल्या बावन्न मालिका नव्याने आरंभल्या, तेव्हा ही बाई एकाएकी तरुण व सडपातळ होऊन अवतरली. त्याच वर्षी 'ग्रीन लॅन्टर्न' चित्रपटात तिचे काम अँजेला बॅसेट या शेलाट्या नटीने केले होते. आल्फ्रेडला आरोग्यधामास तरी पाठवले होते. वॉलरची कोठेच रवानगी झाली नाही. वाचकांनी तक्रार केली, आणि ती योग्यच होती. भिंत पातळ करून ती भिंत राहत नाही.

२०१९ च्या चित्रपटात शोकाने खचून थोर लठ्ठ झाला. बहुतेक वेळ त्याच्या पोटाची थट्टाच चालली, पण जो योग्य असेल त्यासच उचलता येतो तो हातोडा त्याही अवस्थेत त्याच्या हाती आला, आणि अखेरचे युद्ध त्याने तसाच लढले. २०२२ च्या पुढील चित्रपटात आरंभीच व्यायाम करवून त्याचे पोट उतरवण्यात आले. आरोग्यधाम पुन्हा उघडले म्हणावयाचे.

या दोहोंच्या मध्ये, २०१६ साली, फेथ हर्बर्ट स्वतःच्या नावाच्या मालिकेत उभी राहिली. ती नवी नव्हे. १९९२ मध्ये 'हार्बिंजर'च्या पहिल्या अंकात तिचा जन्म झाला होता, पण तेथे ती टोळीतली एक होती. जोडी हाऊझर या लेखिकेने तिला लॉस एंजेलिसमध्ये नोकरी दिली आणि टोपण नाव दिले. ती उडते, लहानपणापासून कॉमिक वाचत आल्यामुळे वीराने कसे वागावे हे तिला पाठ आहे, आणि ती स्थूल आहे. वजन उतरविण्याची धडपड कथेचा विषय होत नाही. खलनायकही तो विषय काढण्याच्या भानगडीत फारसे पडत नाहीत. पहिल्या अंकाच्या प्रती संपल्या आणि तो पुन्हापुन्हा छापावा लागला. मुखपृष्ठावर ती उडताना दिसते, पांढरा वेष, वाऱ्यावर केस, आणि चेहऱ्यावर चक्क हसू.