जुन्या मोटारींची तेलगळती आणि तिच्या बंदोबस्ताचा इतिहास

मोटारीच्या अगदी सुरुवातीच्या काळात इंजिनातले तेल आत टिकावे अशी अपेक्षाच नव्हती. बेअरिंगांवर थेंब थेंब तेल सोडणाऱ्या कुप्या बसवलेल्या असत आणि काम झालेले तेल जळून तरी जाई किंवा खाली रस्त्यावर पडे. प्रवासात तेलाचा डबा बरोबर ठेवणे हा चालकाच्या कामाचाच भाग होता. पुढे इंजिनाच्या तळाशी, म्हणजे आपल्याकडचे मिस्त्री ज्याला चेंबर म्हणतात त्यात, तेल साठवून तेच पुन्हा पुन्हा फिरवण्याची पद्धत रूढ झाली आणि तेव्हापासून गळती हा दोष ठरला. तो दूर करण्याचे उपाय मात्र एकदम सापडले नाहीत. प्रत्येक पिढीच्या मोटारीत त्या काळाचा उपाय बसवलेला आहे. जुन्या गाडीची गळती थांबवायची तर आधी तो उपाय कोणता होता हे ओळखावे लागते.

गळतीच्या जागा दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे स्थिर सांधा: टॅपेट कव्हर, चेंबर, टायमिंग कव्हर यांच्या कडा. इथे पॅकिंग म्हणून बुचाच्या झाडाची साल, जाड कागद आणि इंजिनाच्या हेडसाठी तांब्याच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस अशी सामग्री वापरली जाई. बूच दाबले जाते आणि ओबडधोबड पत्र्याशीही जुळवून घेते, म्हणून ते दीर्घकाळ टिकून राहिले. पॅकिंगला लावायचा चिकट लेप बहुधा लाखेचा असे. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस आणि कुसुमाच्या झाडांवर मिळणारी लाख गाळून तिचे पापुद्रे परदेशी जात. स्पिरिटमध्ये विरघळवलेली ही लाख पेट्रोल आणि खनिज तेल दोन्हींना दाद देत नाही. अमेरिका-युरोपातील असंख्य इंजिनांच्या कडा अशा भारतीय लाखेने बंद झालेल्या आहेत, ही गोष्ट मोटारींच्या इतिहासात जवळजवळ नोंदलीच जात नाही.

दुसरी जागा अवघड: फिरणारा दांडा जिथे कवचातून बाहेर येतो ती. क्रँकचे मागचे टोक ही त्यातली सर्वांत त्रासाची, कारण तिथे पोहोचायला गिअरबॉक्स तरी उतरवावा लागतो किंवा अख्खे इंजिन. सुरुवातीला इथे नमद्याच्या किंवा चामड्याच्या चकत्या असत. रबर का नाही, याचे कारण रसायनात आहे. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते आणि मऊ पडते, त्यामुळे तेलाच्या कामाला ते निरुपयोगी. म्हणून १९३० पर्यंत अभियंत्यांपुढे चामडे, दोर आणि धातूवर कोरलेली आटी एवढेच पर्याय होते.

दोराचे सील म्हणजे ग्रॅफाइट माखलेल्या ॲस्बेस्टॉसच्या दोराचे दोन अर्धवर्तुळाकार तुकडे. एक तुकडा ब्लॉकमधल्या खाचेत, दुसरा बेअरिंगच्या टोपीत. तो बसवणे हे हाताचे काम आहे. दोर आधी तेलात मुरवायचा, खाचेत ठेवून गुळगुळीत गोल दांड्याने लाटत आत दाबायचा, आणि उरलेली टोके धारदार पात्याने एका घावात कापायची. टोक किंचित वर राहिले तर दोन्ही अर्धे एकमेकांवर घट्ट बसतात. ते खोल गेले तर सांध्यातून तेल वाट काढते, आणि दोराचा एखादा धागा टोपीखाली अडकला तर टोपीच नीट बसत नाही. अनेक अमेरिकन इंजिनांत आणि जॅग्वारच्या ४.२ लिटर इंजिनात हे सील होते. जुना दोर काढताना कोरडा खरवडू नये, कारण ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली.

आटीची युक्ती आणखी वेगळी. क्रँकच्या मागच्या टोकावर उलट दिशेची आटी कोरलेली असते. दांडा फिरतो तेव्हा ही आटी बाहेर येऊ पाहणारे तेल परत चेंबरकडे ढकलते. दांडा कशालाच टेकत नाही, त्यामुळे झिजण्यासारखे काही नाही. पण इंजिन थांबले की आटीचे काम थांबते आणि उरलेले चार थेंब खाली येतात. ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतील १४८९ सीसी इंजिनात हीच रचना होती. ते इंजिन पुढे उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सकडे आले आणि अँबेसेडरमध्ये बसले. उभ्या गाडीखाली दिसणारा तेलाचा लहानसा डाग हा त्या आराखड्याचाच भाग आहे. तो वाढत गेला, तर दोष बहुधा मुख्य बेअरिंगांत असतो. बेअरिंग झिजले की क्रँक खाली बसतो, आटीभोवतीची केसाएवढी फट एका बाजूला रुंदावते आणि तेल परत ढकलले जात नाही. अशा वेळी बाहेरून कितीही लेप लावला तरी उपयोग नसतो, बेअरिंग बदलणे हाच इलाज.

बदल घडला तो कृत्रिम रबराने. अमेरिकेत ड्यूपाँटने १९३१ मध्ये निओप्रीन जाहीर केले, आणि १९३० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीत तेलाला टिकणारे नायट्राइल रबर तयार झाले. जर्मनीच्या वाइनहाइम गावातील फ्रॉइडेनबर्ग ही १८४९ पासून चामडे कमावणारी पेढी. १९२९ च्या मंदीनंतर ती चामड्याच्या सीलकडे वळली, अभियंता वाल्टर सिमर यांच्या रचनेवरून ‘सिमरिंग’ बनवू लागली आणि त्याच दशकात चामड्याच्या जागी कृत्रिम रबर वापरू लागली. लोखंडी कडे, त्यात रबराची पातळ कड आणि ती कड दांड्यावर हलकेच आवळून धरणारी बारीक स्प्रिंग, हेच आजचे ऑइल सील. १९३९ मध्ये मूळचे डेन्मार्कचे नील्स क्रिस्टेन्सन यांना अमेरिकेत ओ-रिंगचे, म्हणजे खाचेत बसणाऱ्या गोल रबरी कड्याचे, पेटंट मिळाले.

रबरी सीलचाही एक दोष आहे. कड वर्षानुवर्षे एकाच जागी घासते आणि पोलादी दांड्यावर बारीक चर पाडते. नवे सील घालूनही गळती राहते ती यामुळे. सील थोडे पुढे-मागे बसवणे किंवा दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवणे, हे त्यावरचे उपाय.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने या प्रश्नात भर घातली. जनरल मोटर्सची हायड्रा-मॅटिक १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आली. तिच्यातले तेल वंगणाबरोबर दाब आणि शक्ती वाहून नेण्याचेही काम करते, म्हणून थोडी गळतीही गिअर घसरण्यापर्यंत जाते. १९४९ मध्ये टाइप ए आणि १९६७ मध्ये डेक्सरॉन ही तेलाची मानके ठरली. तेलाला लाल रंग देण्याची प्रथा पडल्यामुळे गाडीखालचा डाग इंजिनाचा की गिअरबॉक्सचा हे पाहताक्षणी कळू लागले. सुरुवातीच्या डेक्सरॉनमध्ये स्पर्म व्हेलचे तेल असे. १९७० च्या दशकात अमेरिकेने व्हेलच्या तेलावर बंदी घातल्यावर पर्याय शोधावे लागले. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांची एक खोड मालकांना हमखास गोंधळात टाकते. गाडी काही आठवडे उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल खाली उतरते, पातळी गिअर बदलण्याच्या दांड्याच्या सीलच्या वर जाते आणि रोज चालवताना कोरडी असलेली गाडी उभ्या उभ्या गळू लागते.

सीलइतकेच महत्त्व आतल्या दाबाला आहे. रिंगा झिजल्या की जळालेला वायू पिस्टनच्या बाजूने चेंबरमध्ये उतरतो. जुन्या इंजिनांत तो एका उघड्या नळीतून रस्त्याकडे सोडला जाई. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत, आधी कॅलिफोर्नियात, धुराच्या प्रश्नामुळे तो परत इंजिनात ओढून घेणारी झडप आली. ही नळी वा झडप काजळीने तुंबली तर दाब साठतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. चारही बाजूंनी तेल दिसू लागले, तर सीलला हात लावण्याआधी ही वाट साफ करावी.

मुंबईत या विद्येला मोठी गिऱ्हाइकी होती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकापासून फियाट ११०० बनू लागली. तिचीच पुढची आवृत्ती, पद्मिनी, शहराची टॅक्सी झाली आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली. टॅक्सी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते. त्यामुळे गळतीचे निदान झटपट व्हावे लागे: इंजिन रॉकेलने धुवायचे, पुसून कोरडे करायचे, टाल्कम पावडर शिंपडायची, थोडी फेरी मारायची आणि ओली रेघ वर शोधत जायची. वाऱ्याने तेल मागे पसरते, म्हणून डाग जिथे दिसतो त्यापेक्षा गळती बहुतेक वेळा वर आणि पुढे असते. टॅपेट कव्हरचे नट जास्त आवळणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. त्याने बूच फुगून बाहेर येते, पत्र्याची कड वाकते आणि गळती वाढते. जाणता मिस्त्री आधी ती कड सपाट ऐरणीवर ठोकून सरळ करतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी तरतूद केली. अशा गाड्या क्वचित चालतात, त्यामुळे सीलच्या कडा कोरड्या पडून कडक होतात. अधूनमधून गाडी काढून इंजिन पुरते गरम होईपर्यंत चालवली, तर कडा तेलाने ओल्या राहतात. आटीच्या इंजिनांसाठी आता रबरी सीलचे संचही मिळतात, पण काहींत क्रँक यंत्रावर घासून घ्यावा लागतो आणि मूळ आटी कायमची जाते. ज्या क्रँकची बेअरिंगे ठीक आहेत, त्याच्यावर हा प्रयोग करण्याची गरज नसते. थेंबाखाली एक थाळी ठेवणे पुरते.