भाता, पारा आणि श्वासपटल: अमळनेरच्या एका शिक्षकाने विचारलेला प्रश्न

सोनगीर म्हटलं की महामार्गावरून जाणाऱ्यांना किल्ला दिसतो, आणि आमच्या भागातल्या लोकांना तांब्या-पितळेची भांडी आठवतात. माझी आजी तिथलीच. आम्ही तिला मोठी माय म्हणायचो. आयुष्य चुलीपुढे गेलं, विडी कधी ओढली नाही, तरी साठीनंतर दम लागायला लागला. डॉक्टरांनी सीओपीडी सांगितलं. मी तेव्हा एमएस्सीला होतो आणि नुकतंच कुठेतरी वाचलं होतं की पोटाने श्वास घेतला की श्वासपटल मजबूत होतं. सुट्टीत घरी गेलो आणि रोज सकाळी तिच्या पोटावर हात ठेवून, 'छाती हलू देऊ नको, पोट फुगव,' असा वर्ग सुरू केला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "राहू दे भाऊ, माले जास्तीच दम लागस."

मी ते मनावर घेतलं नाही. सवय नाही म्हणून होत असेल, असं वाटलं. चूक तिची नव्हती, माझी होती, हे कळायला मला पीएचडीचं पहिलं वर्ष लागलं. ते कसं कळलं, हे सांगण्यासाठी श्वासपटलाच्या संशोधनाचा थोडा इतिहास सांगतो. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या खानदेशातून जातो.

आधी स्नायू समजून घेऊ

श्वासपटल म्हणजे डायफ्रॅम. छाती आणि पोट यांच्या मधला घुमटाच्या आकाराचा पातळ स्नायू. मानेतून निघणाऱ्या दोन फ्रेनिक नसा त्याला चालवतात. तो आकुंचन पावला की घुमट खाली उतरतो, छातीतली जागा वाढते, दाब कमी होतो आणि हवा आत येते. खाली उतरताना तो पोटातल्या अवयवांना दाबतो, म्हणून पोट पुढे येतं.

भट्टीवरचा भाता ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळं शिकवायची गरज नाही. भात्याची घडी उघडली की हवा आत, मिटली की बाहेर. संस्कृतात भात्याला 'भस्त्रा' म्हणतात, आणि भस्त्रिका प्राणायामाचं नाव त्यावरूनच आलं आहे.

अमळनेरचा शिक्षक

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ चा. मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली होती. पुढे ते अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीत आले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९१६ ते १९२३ हा त्यांचा अमळनेरचा काळ. याच काळात, १९१९ मध्ये, नर्मदाकाठच्या मालसरला त्यांना परमहंस माधवदास हे गुरू भेटले आणि त्यांनी योग शिकायला घेतला. आपण आज त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतो. लोणावळ्याचं कैवल्यधाम त्यांनी १९२४ मध्ये सुरू केलं.

हा माणूस शरीरशास्त्राचा पदवीधर नव्हता. पण त्याला पडलेला प्रश्न अस्सल प्रयोगशाळेतला होता. योगाची पुस्तकं सांगतात की अमुक क्रियेने शरीरात अमुक घडतं. ते खरंच घडतं का? आणि घडत असेल तर ते दाखवता येईल का?

त्यासाठी त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया निवडल्या. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, घसा बंद ठेवायचा आणि हवा आत न घेता छाती फुगवायची. पोट आत खोल ओढलं जातं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी या क्रियांचा अभ्यास केला. क्ष-किरणांनी आतलं चित्र पाहिलं आणि पाऱ्याच्या दाबमापकाने मोठ्या आतड्यातला दाब मोजला.

नौलीच्या वेळी हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असं त्यांना दिसलं. जलबस्तीत पाणी वर कसं ओढलं जातं, याचं उत्तर त्यातून मिळालं. आतड्याची हालचाल उलटी होते म्हणून पाणी चढत असावं, हा तर्क मागे पडला. आत तयार होणाऱ्या या पोकळीला त्यांनी गुरूंच्या नावावरून 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटलं. ऑक्टोबर १९२४ पासून निघालेल्या 'योगमीमांसा' या त्रैमासिकात हे प्रयोग छापून आले.

मला त्यांची दुसरी एक गोष्ट जास्त भावते. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा ऑक्सिजन मिळतो, हे तेव्हाही लोक म्हणायचे, आजही म्हणतात. कुवलयानंदांनी हे मत उचलून धरलं नाही. प्राणायामाचं मोल ऑक्सिजनच्या हिशेबात नाही, असं त्यांनी मांडलं. आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टीच्या बाजूचा एक लोकप्रिय युक्तिवाद सोडून देणं सोपं नसतं. थीसिस लिहिताना हे आठवत राहतं.

पारा काय सांगतो आणि काय सांगत नाही

आता उड्डियानाकडे पुन्हा बघा. छाती फुगते आहे, पण श्वासपटल सैल आहे. म्हणून छातीतल्या कमी दाबाने ते वर ओढलं जातं आणि पोट आत जातं.

ज्या रुग्णाचं श्वासपटल दोन्ही बाजूंनी लुळं पडलं आहे, त्याला पलंगावर आडवं झोपवा आणि श्वास घ्यायला सांगा. बरगड्यांचे आणि मानेचे स्नायू छाती फुगवतात, निर्जीव श्वासपटल वर ओढलं जातं आणि पोट आत जातं. सराव केलेल्या माणसाने मुद्दाम केलेली क्रिया आणि आजाराचं लक्षण, दोन्हींत पोटाची हालचाल एकाच दिशेने होते. फ्रान्समधल्या ड्युशेन यांनी एकोणिसाव्या शतकात फ्रेनिक नसांना विजेने उद्दीपित करून श्वासपटलाचं काम दाखवलं, तेव्हापासून श्वास घेताना पोट आत जाणं ही खूण डॉक्टरांच्या ओळखीची आहे.

मग नुसत्या डोळ्यांनी फरक कसा करायचा? पोटाच्या एका बाजूचा दाब मोजूनही तो होत नाही. त्यासाठी श्वासपटलाच्या वरचा आणि खालचा दाब एकाच वेळी हवा. अन्ननलिकेत एक छोटा फुगा, जठरात दुसरा, आणि दोन्हींतल्या दाबांची वजाबाकी. ही पद्धत वापरून अगोस्तोनी आणि राह्न यांनी १९६० मध्ये मोजमापं प्रसिद्ध केली. ही वजाबाकी म्हणजे श्वासपटलाने स्वतः केलेलं काम. बडोद्यात १९२० च्या दशकात जे मोजलं गेलं ते खरंच होतं, फक्त ते खालच्या बाजूचं होतं. त्यावरून 'या क्रियेने श्वासपटल बळकट होतं' असं कुणी म्हणत असेल तर मधली एक पायरी सुटली आहे. उड्डियानात श्वासपटल ताणलं जातं, जोर लावत नाही.

स्नायू दुबळा होतो तेव्हा

श्वासपटलाच्या दुबळेपणाचा प्रश्न जगापुढे मोठ्या प्रमाणावर आणला तो पोलिओने. १९५२ साली कोपनहेगनमध्ये साथ आली आणि लोखंडी फुप्फुसं, म्हणजे रुग्णाला आत ठेवून श्वास देणाऱ्या टाक्या, पुरेनात. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत श्वास देण्यात आला. सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हे काम केलं. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात अनेकजण तिथून मानतात. रात्रभर पिशवी दाबणारे ते विद्यार्थी म्हणजे माणसांचे भातेच होते.

पण त्यातून नवा प्रश्न आला. यंत्र श्वास घेत असेल तर स्नायूचं काय होतं? २००८ मध्ये लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर असलेल्या १४ मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे नमुने तपासले. तुलना-गटाच्या मानाने तंतूंचा छेद निम्म्याहून कमी झाला होता: मंद तंतूंत ५७ टक्के घट, जलद तंतूंत ५३ टक्के. प्लास्टरमधला हात महिन्याभरात बारीक होतो, इथे दोन-तीन दिवस पुरले. रुग्ण व्हेंटिलेटरवरून उतरताना का अडखळतो, हे समजायला त्यामुळे मदत झाली.

हे मोजायला दरवेळी फुगे गिळायची गरज नाही. १९६९ मध्ये ब्लॅक आणि हायट यांनी बंद नळीवर जोर लावून तोंडातला कमाल दाब मोजण्याची साधी पद्धत मांडली. बसून आणि आडवं झोपून श्वासाची क्षमता मोजली आणि झोपल्यावर ती ३० टक्क्यांहून जास्त घसरली, तर श्वासपटलाबद्दल शंका घ्यावी. सोनोग्राफीने श्वास घेताना स्नायू किती जाड होतो हेही दिसतं. १९९७ च्या एका अभ्यासात लुळ्या श्वासपटलाची जाडी २० टक्के सुद्धा वाढत नव्हती. सोनोग्राफीचं यंत्र आता तालुक्याच्या गावीही सापडतं. प्रश्न विचारणारा माणूस हवा.

व्यायामाने काय होतं?

१९७६ मध्ये लीथ आणि ब्रॅडली यांनी निरोगी माणसांत दाखवलं की श्वासाचे स्नायूही इतर स्नायूंसारखे प्रशिक्षणाने सुधारतात. ताकदीचा व्यायाम केला तर ताकद वाढते, दमाचा केला तर दम. म्हणजे 'श्वासाचा व्यायाम' असं मोघम काही नसतं. कुठला व्यायाम, किती भार लावून, हे सांगावं लागतं.

१९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला एक छोटा अभ्यास मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला सांगतो. सौम्य दमा असलेल्या १८ जणांना एक उपकरण दिलं. ते प्राणायामासारखा १:२ प्रमाणात श्वास-उच्छ्वास करायला लावायचं. सोबत हुबेहूब तसंच दिसणारं, पण तो परिणाम नसलेलं दुसरं उपकरण. प्रत्येकाने दोन्ही वापरली, कुठलं खरं हे न कळता. श्वासनलिकांची संवेदनशीलता खऱ्या उपकरणाने लक्षणीय कमी झाली. बाकीची मोजमापं सुधारण्याकडे झुकली, पण फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठरला नाही. प्राणायामाला प्लासिबो कसा देणार, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

आणि आता माझ्या आजीकडे येतो. १९९५ मध्ये गोसेलिंक आणि सहकाऱ्यांनी तीव्र सीओपीडीच्या सात रुग्णांना पोटाने श्वास घ्यायला शिकवलं आणि मोजलं. श्वास घेण्याची कार्यक्षमता कमी झाली, आणि धाप वाढण्याकडे कल दिसला.

याचं कारण भात्यात आहे. सीओपीडीत हवा फुप्फुसात अडकून राहते, छाती फुगलेलीच राहते आणि श्वासपटलाचा घुमट सपाट होतो. भाता आधीच जवळजवळ पूर्ण उघडलेला असेल तर आणखी ओढून किती हवा येणार? मोठी माय मानेचे आणि बरगड्यांचे स्नायू वापरत होती, कारण तिच्यापाशी तेच उरले होते. मी तिला तेही वापरू नको म्हणत होतो. एक छोटा अभ्यास सगळ्यांना लागू होत नाही हे मान्य. पण तिने चौथ्या दिवशी जे सांगितलं ते त्या अभ्यासाशी जुळत होतं, आणि माझ्याकडे तिच्या विरोधात कुठलाच पुरावा नव्हता.

मग सीओपीडीच्या रुग्णाने काय करायचं? चालणं, सायकल, हातापायांचे व्यायाम आणि त्यासोबत शिक्षण, म्हणजे श्वसन-पुनर्वसन, याचा पुरावा भक्कम आहे. २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण होते. धाप, थकवा आणि जगण्याची गुणवत्ता सुधारल्याचं दिसलं. त्यात श्वासाच्या स्नायूंचं वेगळं प्रशिक्षण जोडलं तर? २०१८ मध्ये २१९ रुग्णांच्या चाचणीत स्नायूंची ताकद वाढली, पण सहा मिनिटांत चालण्याच्या अंतरात जादा फायदा झाला नाही. यंत्रावरचा आकडा वाढणं आणि माणूस अंगणातून दारापर्यंत न थांबता जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी

या इतिहासातून मी माझ्या वहीत चार प्रश्न उतरवून घेतले आहेत. श्वसनाच्या विषयावर सिनॉप्सिस लिहीत असाल तर तुम्हीही लिहून ठेवा.

१. मी मोजतोय ते स्नायूचं काम आहे, की त्याचा शेजारी दिसणारा परिणाम?
२. हे निरोगी माणसात दिसलं की रुग्णात? निरोगी श्वासपटल आणि सपाट झालेलं श्वासपटल यांना एकच व्यायाम लागू होईलच असं नाही.
३. तुलना कशाशी? तुलना-गट नसेल तर 'बरं वाटलं' एवढंच हाती उरतं.
४. आकडा सुधारला तर रुग्णाचं काय सुधारलं?

कुवलयानंदांकडे यातली अर्धी साधनंसुद्धा नव्हती. अमळनेरचं कॉलेज बंद झालं, हातात संस्कृतची पुस्तकं आणि एक पाऱ्याची नळी, एवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. आपल्याकडे शंभर वर्षांनी सगळं आहे, आणि तरी मी मोजल्याशिवाय सल्ला दिला होता.

मोठी माय आता नाही. तिच्याच गल्लीत चुलीच्या धुराने दम लागणाऱ्या अजून दोन-तीन बाया आहेत. दिवाळीला घरी गेलो की त्या विचारतात, "भाऊ, काही व्यायाम सांग." मी आता आधी त्यांना विचारतो की किती पावलं चालल्यावर थांबावं लागतं, आणि वहीत लिहून घेतो.