'ज्याच्यासोबत' : कायद्यातल्या गिऱ्हाइकाचा शोध

जिल्हा पानावर अधूनमधून एक ठरावीक बातमी येते. पोलिसांना गुप्त माहिती मिळते, बनावट ग्राहक आत जातो, खूण केलेल्या नोटा हातात पडल्या की इशारा होतो, छापा पडतो. 'पीडित महिलांची सुटका' होते, चालकावर 'पिटा'खाली गुन्हा दाखल होतो. राणीसावरगावात बसून वर्षानुवर्षे ही बातमी वाचताना मला एक गोष्ट खटकत आली. या बातमीतला ग्राहक पोलिसांनीच पाठवलेला असतो. मग खरा कुठे गेला? बाई, दलाल, घरवाली या सगळ्यांना कायद्याने केव्हाच नाव दिले होते. गिऱ्हाइकाचे काय, हे पाहण्यासाठी मी जुने कायदे उघडले.

सुरुवात सांसर्गिक रोग कायद्यापासून करावी लागते. हिंदुस्थानात तो १८६८ साली झाला आणि मुंबईत १८७० पासून लागू झाला. काळजी होती ती गोऱ्या सैनिकांच्या आणि खलाशांच्या प्रकृतीची. पण नोंदणी, तपासणी आणि इस्पितळातली सक्तीची कोठडी आली बाईच्या वाट्याला. रोग दोघांत फिरतो, तपासणी एकाचीच होते, हे वैद्यकाच्या दृष्टीनेही हास्यास्पद होते. इंग्लंडात जोसेफिन बटलर यांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला. तिकडचा कायदा १८८६ मध्ये रद्द झाला, इकडचा १८८८ मध्ये.

पुढचा टप्पा मुंबईचाच. १९१७ साली डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अकूताई नावाच्या स्त्रीचा छळ करून खून झाला. प्रकरण गाजले, सरकारला हालचाल करावी लागली, समिती बसली आणि १९२३ मध्ये मुंबईचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला. त्याचा रोख दलालांवर आणि बाईच्या कमाईवर जगणाऱ्या पुरुषांवर होता. पैसे मोजून आत जाणे हा गुन्हा ठरला नाही. आमचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईचा हा कायदा इथे लागू होण्याचा प्रश्नच नव्हता.

परभणीला आणि मुंबईला एकच कायदा मिळाला तो १९५६ चा. अंमल १९५८ पासून. आज त्याचे नाव अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा. पोलिसांच्या तोंडी 'पिटा'. त्याच्या कलम ७ मध्ये गिऱ्हाईक पहिल्यांदा सापडतो, तोही आडून. सार्वजनिक ठिकाणाजवळ वेश्याव्यवसाय करणारी व्यक्ती 'आणि ज्याच्यासोबत तो केला जातो ती व्यक्ती', दोघांनाही तीन महिन्यांपर्यंत कैद. या 'ज्याच्यासोबत'वर मी बराच वेळ थांबलो. त्याला स्वतंत्र नाव नाही, पण शिक्षा आहे.

अट अंतराची. देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांपासून दोनशे मीटर. राणीसावरगावात देवीच्या देवळाभोवती, शाळांभोवती अशी वर्तुळे काढत गेलो तर गावठाणात मोकळी जागा किती उरेल? म्हणजे खेड्यात आणि तालुक्याच्या गावात गिऱ्हाइकावर कारवाई करायला नवा कायदा लागतच नाही. तरीही बातमीत तो क्वचित आरोपी असतो.

कलम ८ तर त्याहून बोलके आहे. रस्त्यावर उभे राहून खुणावणाऱ्या बाईला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दुसऱ्यांदा एक वर्ष. १९८६ च्या दुरुस्तीने त्यात पुरुष आला. त्याला किमान सात दिवस, जास्तीत जास्त तीन महिने. एकाच कलमात, एकाच कृत्याला. हा फरक कुणाला कसा सुचला असेल याचे मला आजही नवल वाटते.

स्वीडनने १९९९ पासून विकणारीला मोकळे सोडून विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवले. आपल्याकडे २००६ च्या दुरुस्ती विधेयकात त्याचीच छाया होती. कलम ८ वगळायचे आणि तस्करीतून आलेल्या व्यक्तीच्या शोषणासाठी कुंटणखान्यात जाणाऱ्याला शिक्षा करायची. वेश्यांच्या संघटनांनी विरोध केला. गिऱ्हाईक घाबरले की व्यवहार अंधारात जातो, निरोधाचा आग्रह धरता येत नाही, हे त्यांचे म्हणणे. एड्स नियंत्रणात काम करणाऱ्यांनाही तीच भीती होती. २००९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. २०१३ मध्ये मात्र दंडविधानात ३७०-अ कलम आले. समोरची व्यक्ती तस्करीतून आणलेली आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानायला कारण असून, तिचे लैंगिक शोषण करणाऱ्याला किमान तीन वर्षे. न्याय संहितेत हे आता कलम १४४ आहे. मला ही रेघ योग्य जागी ओढलेली वाटते. पण 'मानायला कारण होते' हे सिद्ध करायचे तर गिऱ्हाइकाची चौकशी करावी लागते, त्याला साक्षीदार म्हणून सोडून चालत नाही.

गिऱ्हाईक तोडण्याचा महाराष्ट्रातला ठळक प्रयोग नागपूरचा. ऑगस्ट २०२१ मध्ये तत्कालीन पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांच्या आदेशाने इतवारी भागातल्या गंगा-जमुना वस्तीत व्यवसायाला बंदी झाली. वाटांवर कठडे, पोलिसांचा पहारा. परिसरातल्या रहिवाशांच्या तक्रारी खऱ्या होत्या, अल्पवयीन मुलींना तिथे आणले जात असल्याचा पोलिसांचा मुद्दा गंभीर होता. आत येणारा माणूस कठड्यापाशी थबकला आणि परत फिरला. त्याला दुसरीकडे जाता येते. बाईचे घर, मुले, उधारी, सगळे कठड्याच्या आत होते. करोनाच्या टाळेबंदीने आधीच मोडलेल्या त्या बायका रस्त्यावर उतरल्या. ज्वाला धोटे यांनी त्यांची बाजू घेतली, कठडे हटवले गेले, पुन्हा लावले गेले. मागणी रोखण्याच्या नावाखाली चूल आधी विझली ती बाईची.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात सांगितले की छाप्यात सापडलेल्या सज्ञान, स्वेच्छेने व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला अटक किंवा दंड करू नये, तिचा छळ होऊ नये. त्यानंतरच्या बातम्या मी जरा लक्ष देऊन वाचतो. 'सुटका' हा शब्द तसाच आहे. पंचांसमोर मोजलेल्या नोटा तशाच आहेत. बनावट ग्राहक ठरल्याप्रमाणे दार वाजवतो, आणि त्याच्या आधी तेच दार वाजवून गेलेल्यांबद्दल बातमीत एक ओळही नसते.