गुडघ्याची हद्द

८ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढलं. सरकारी कार्यालयात जीन्स आणि टी-शर्ट घालू नये, पायात स्लिपर नको, आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी. गबाळ्या कपड्यांमुळे शासनाची प्रतिमा मलीन होते, असं कारण दिलं होतं. पुढं जीन्सवरची बंदी उठली, टी-शर्टवरची राहिली. मार्च २०२४मध्ये शिक्षकांसाठीही असाच ड्रेसकोड आला. गंमत म्हणजे पहिलं परिपत्रक निघालं, तेव्हा कोरोनामुळं घरून काम करणारे अनेक जण वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्मुडा घालून मिटिंगला बसत होते. आता तर काही आयटी कंपन्यांत हाफ पँटवर थेट ऑफिसात जाता येतं.

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावात मात्र बँकेचा कारकून किंवा ग्रामसेवक हाफ पँटवर कामाला आलेला कुणी खपवून घेणार नाही. त्याला गावाची लाजाळू वृत्ती म्हणून सोडून देता येईल. पण उघडा गुडघा आपल्याकडं कुणाच्या वाट्याला आला, हा इतिहास पाहिला तर या नापसंतीची मुळं दूरवर जातात.

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ला. त्याआधी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्या राज्यात अंमलदाराची ओळख म्हणजे शेरवानी. दरबारी पोशाखात तिच्यावर बगलूस, म्हणजे बकलचा कमरपट्टा, आणि डोक्यावर दस्तार असे. शेरवानी फक्त मुसलमानांची नव्हती. हिंदू अधिकारी आणि वकीलही ती घालत. उस्मानिया विद्यापीठाचे विद्यार्थीही शेरवानीतच दिसत. गळ्यापासून गुडघ्याखालपर्यंत बंद असलेला हा कपडा म्हणजे हुद्दा. त्याच वेळी शिवारात राबणारा माणूस, मग तो कुठल्याही धर्माचा असो, धोतर किंवा लुंगी खोचून गुडघाभर चिखलात उभा असे. झाकलेला पाय कचेरीचा, उघडा पाय रानाचा.

इंग्रजी मुलखात ही विभागणी गणवेशात शिरली. ‘खाकी’ हा शब्द आपलाच, ‘खाक’ म्हणजे धूळ यावरून आलेला. १८४०च्या दशकाच्या अखेरीस पेशावरकडं हॅरी लम्सडेनच्या ‘गाइड्स’ पलटणीनं हा रंग वापरायला सुरुवात केली. पुढं उष्ण मुलखातल्या फौजेसाठी खाकी हाफ पँट आली आणि पोलिस शिपायालाही मिळाली. जुन्या चित्रपटांतला हवालदार आठवून पाहा. खाली हाफ पँट, पोटरीला पट्ट्या. त्याचा इन्स्पेक्टर मात्र फुल पँटमध्ये. गोरा साहेबही हाफ पँट घालायचा, पण खेळायला, शिकारीला, उन्हाळ्यात, स्वतःच्या मर्जीनं. संध्याकाळी मेसमध्ये जेवायला जाताना त्याचे पाय झाकलेले असत. शिपायाला ती मर्जी नव्हती.

याहून कडवी गोष्ट तमिळ मुलखातली आहे. डिसेंबर १९३०मध्ये रामनाड भागात कल्लर जातीच्या लोकांनी आदिद्रविडांवर, म्हणजे तिथल्या दलितांवर, आठ बंधनं लादली. त्यातलं एक असं, की त्यांच्या पुरुषांनी गुडघ्याच्या खाली आणि कमरेच्या वर कपडा नेसू नये. दुसरं, कोट, सदरा, बनियन घालू नये. जे. एच. हटन या अधिकाऱ्यानं जातीवरच्या पुस्तकात हे नोंदवून ठेवलं आहे. गुडघा इथं कायद्याच्या हद्दीसारखा वापरला गेला. बाबासाहेब आंबेडकरांचा सूट या पार्श्वभूमीवर पाहिला, की तो साहेबी नक्कल वाटत नाही. ज्याला अंग झाकायची बंदी होती, त्या समाजातला माणूस नखशिखांत कपड्यात उभा राहतो, हाच त्याचा अर्थ.

शाळेतसुद्धा अनेक पिढ्या हेच शिकल्या. खाकी हाफ पँट म्हणजे पोरगा, फुल पँट मिळाली की बाप्या. राष्ट्रीय स्वयंसेवक संघानंसुद्धा २०१६च्या दसऱ्याला नव्वद वर्षांची हाफ पँट सोडून तपकिरी फुल पँट घेतली. तरुणांना ती नकोशी झाली होती, हे त्यांनाही कळलं होतं.

आता आपल्या घरातली बाजू. पुरुषाची सतर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, हे मदरशात गेलेलं पोरही सांगेल. हनफी मतानुसार गुडघाही सतरमध्ये धरतात. मराठवाड्यात बहुसंख्य हनफीच. कोकणातले मुसलमान शाफई, त्यांच्या मतानुसार गुडघा सतरमध्ये येत नाही. इमामांमध्ये मांडीबद्दलही मतभेद आहेत, त्या खोलात इथं जात नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की या हद्दीला हुद्दा नाही. अंमलदाराला एक सतर आणि हमालाला दुसरी, असं नाही. हज-उमऱ्याच्या एहराममध्ये तर शिवलेला कपडाच निघून जातो. दोन चादरींत कारखानदार कोण आणि त्याचा ड्रायव्हर कोण, ओळखता येत नाही. तोही ड्रेसकोडच, पण माणसं वेगळी काढण्याऐवजी एकत्र आणणारा.

ऑफिसच्या ड्रेसकोडला हीच फूटपट्टी लावून पाहावी. स्वच्छ, अंगभर कपडे मागण्यात गैर काही नाही. लोकांची कामं करणाऱ्यानं नीटनेटकं असावंच. पण ज्या कंपनीत इंजिनिअर हाफ पँटवर फिरतो, तिच्याच गेटवर चाळीस डिग्रीच्या उन्हात गार्ड टोपी, टाय आणि बुटात उभा असतो. एकाला पाय उघडे ठेवायची मुभा आणि दुसऱ्याला गळ्याचं बटण सोडायचीही नाही. शंभर वर्षांपूर्वी शिपाई हाफ पँटमध्ये होता आणि साहेब फुल पँटमध्ये. कपडे उलटे झाले, ठरवणारा तोच राहिला.

आणि कार्यालयात शोभणारं म्हणजे शर्ट-पँटच, हे कुणी ठरवलं? सुती पायजमा-कुर्ता आपल्या उन्हाला मानवतो, सतर झाकतो, वाराही लागू देतो. तरी फॉर्मलच्या यादीत त्याला सहसा जागा नसते. खादीसाठी नेमलेला वार शुक्रवारच आहे. जुम्याच्या दिवशी एखाद्या मुसलमान कारकुनानं खादीचा पायजमा-कुर्ता घातला, तर सरकारची खादी आणि त्याची नमाज, दोन्ही एकाच कपड्यात होतील. साहेबानं त्याला टोकलं नाही, तर तो ड्रेसकोड माणसांसाठी आहे असं म्हणता येईल.