परंडा येथील तोफा : मूल्यमापन व जतन

परंडा (परांडा) हे धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण बार्शीच्या पश्चिमेस सुमारे २७ किमी. वर आहे. दुहेरी तटबंदी व सभोवती खंदक असलेला येथील भुईकोट किल्ला परंपरेने बहमनी वजीर महमूद गावान याच्याशी जोडला जातो. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाहीची राजधानी काही काळ येथे होती. किल्ल्याच्या बुरुजांवर ओतीव कांस्याच्या आणि घडीव लोखंडाच्या अशा दोन्ही प्रकारच्या तोफा आढळतात. तथापि परंड्याच्या शस्त्रसाठ्यातील सर्वांत प्रसिद्ध तोफ आज तेथे नाही. मलिक-ए-मैदान वा मुलूखमैदान ही ती तोफ विजापूरच्या शेर्झा बुरुजावर आहे. जुन्या युद्धसाहित्याचे मोल कोणी, कोणत्या काळी व कशावरून ठरविले, हे पाहण्यास तिच्याइतके चांगले उदाहरण दख्खनमध्ये दुसरे क्वचितच सापडेल.

ही तोफ हि. स. ९५६ (इ. स. १५४९) मध्ये अहमदनगर येथे पहिल्या बुरहान निजामशाहाच्या कारकीर्दीत ओतली गेली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी होता. काही ठिकाणी हसन ऐवजी हुसेन असाही पाठ दिला जातो. तालिकोटच्या लढाईत (१५६५) निजामशाही तोफखान्याचे आधिपत्य चलबी रूमीखान याच्याकडे होते आणि शत्रू जवळ येताच त्याने तोफांत तांब्याची नाणी भरून मारा केला, असे फिरिश्ता सांगतो. मुलूखमैदान या लढाईत होती असे सामान्यतः मानले जाते. ‘रूमीखान’ ही मात्र तुर्की तंत्रज्ञांना व तोफखान्यावरील अधिकाऱ्यांना मिळणारी पदवी होती. त्यामुळे केवळ नावावरून ओतारी व सेनानी एकच समजणे धाडसाचे होईल.

तालिकोटनंतरच्या काळात तोफ परंड्यास आली. हा किल्ला आदिलशाहीच्या ताब्यात गेल्यावर १६३२ मध्ये ती विजापुरास नेण्यात आली. हे काम मुरार जगदेव या आदिलशाही मंत्र्याने केले. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे तिला ओढीत होती, असे सांगतात. हे आकडे शब्दशः घेण्याचे कारण नाही. पण परंडा ते विजापूर हे अंतर सरळ रेषेतही सुमारे १६० किमी. असून वाटेत भीमा ओलांडावी लागते, हे ध्यानात घेता आकडे फार फुगविलेले वाटत नाहीत. ‘कडक बिजली’ ही तिची जोडीदार तोफ याच प्रवासात भीमेच्या पात्रात बुडाली, अशी आख्यायिका आहे. मुलूखमैदान गेल्यामुळे परंडा दुर्बळ झाला असेही नाही. १६३४ मध्ये शाहजादा शुजा आणि महाबतखान यांनी किल्ल्याला घातलेला वेढा अपयशी ठरला, तेव्हा ही तोफ किल्ल्यात नव्हतीच. हा किल्ला मोगलांना पुढे १६६० मध्ये किल्लेदार फितवूनच मिळाला. एवढ्या अवजड तोफेची प्रत्यक्ष उपयुक्तता आणि तिची कीर्ती यांत किती अंतर असू शकते, हे यावरून दिसते.

तोफेची लांबी सु. ४·४ मी., बाह्य व्यास सु. १·५ मी. आणि नळीचा व्यास सु. ७० सेंमी. आहे. वजन सर्वसाधारणपणे ५५ टन सांगितले जाते. मापांवरून धातूचे घनफळ काढल्यास वजन ५० टनांच्या आसपास येते, म्हणजे हा आकडा ढोबळमानाने विश्वसनीय ठरतो. नळीत बसणारा काळ्या पाषाणाचा गोळा सु. पाच क्विंटल भरेल. तोच लोखंडाचा केल्यास तेराशे किग्रॅ. च्या घरात जाईल आणि इतक्या आखूड नळीस तो पेलणे कठीण. तोंडाशी जबडा वासलेला हिंस्र पशू कोरलेला असून त्याच्या दाढांत हत्ती चिरडला जात आहे.

लोकांत ही तोफ पंचधातूची मानली जाते. पंचधातू हा शब्द आपल्याकडे कोणत्याही पिवळसर, न गंजणाऱ्या जुन्या वस्तूस लावला जातो, परंड्याच्या तोफांसही. मुलूखमैदानच्या धातूचे पृथक्करण झाले असून तीत सुमारे ८० टक्के तांबे व २० टक्के कथील आहे. हा धातू घंटेचा होय. म्हणूनच तोफेवर ठोकल्यास नाद उमटतो. तोफांच्या नेहमीच्या कांस्यात कथील १० टक्क्यांच्या जवळपास असते, कारण ते वाढविल्यास धातू कठीण पण ठिसूळ होतो. ओताऱ्याने जाड कवच घालून हा धोका भरून काढलेला दिसतो.

तोफेवरील कोरीव लेखांत निर्मितीचा लेख व शिया पंथनिष्ठा दर्शविणारा मजकूर यांखेरीज औरंगजेबाचाही लेख आहे. १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर त्याने ही तोफ वितळविली नाही, नेलीही नाही. तिच्यावर आपल्या विजयाची नोंद कोरविली. एकाच वस्तूवर दोन सत्तांच्या नोंदी असल्याने तिचे ऐतिहासिक मोल वाढले. तोफेच्या परीक्षणात कोरीव लेख सर्वांत महत्त्वाचा मानला जातो तो याच कारणाने.

यानंतरचा प्रसंग मूल्यमापनाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर विजापूर कंपनी सरकारकडे आले. १८५४ मध्ये तेथील निरुपयोगी सरकारी वस्तू विकून टाकण्याचा हुकूम निघाला व तीत ही तोफही लिलावास आली. सर्वांत मोठी बोली १५० रुपयांची होती. ५५ टन वजन धरल्यास टनास तीन रुपयेही पडत नाहीत. तांबे व कथील त्या काळीही इतके स्वस्त नव्हते. बोली धातूची नव्हतीच, धातू फोडून वाहून नेण्याच्या खर्चाची होती. किंमत फारच अल्प आहे आणि लोकांची या तोफेवर श्रद्धा आहे, हे मामलेदाराने वर कळविले व साहाय्यक आयुक्ताने विक्री रद्द केली. फुले वाहून तोफेची पूजा करणाऱ्या सामान्य लोकांचा तिच्या रक्षणात अप्रत्यक्ष वाटा आहे, ही गोष्ट पुरातत्त्वाच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही. हलक्या तोफांच्या नशिबी असा मामलेदार आला नाही. ज्या बैलगाडीवर चढू शकल्या, त्यांतील कित्येक भट्टीत गेल्या.

परंडा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या १९१४ मध्ये स्थापन झालेल्या पुरातत्त्व खात्याने, विशेषतः गुलाम याझदानी यांनी, किल्ल्याची पाहणी करून वृत्तांत प्रसिद्ध केला. विजापूरच्या अवशेषांवरील हेन्री कझिन्स यांचा ग्रंथ १९१६ चा आहे. किल्ल्याच्या तोफा जागच्या जागी, बुरुजावरील फिरत्या बैठकीसह अभ्यासता येणे हे परंड्याचे वैशिष्ट्य होय. संग्रहालयात नेलेली तोफ सुरक्षित राहते, पण ती कोणत्या दिशेस व किती कोनात मारा करीत होती हे सांगणारा पुरावा मागे राहतो. म्हणून हलविण्यापूर्वी स्थान, मापे व छायाचित्रे यांची नोंद आवश्यक असते.

जतनाच्या पद्धती धातूनुसार बदलतात. कांस्यावरील गुळगुळीत हिरवट-तपकिरी थर संरक्षक असतो. चिंच, राख वा तारेच्या कुंच्याने तो घासून तोफ चकचकीत करणे म्हणजे तिचे वय व पुष्कळदा लेखाची अक्षरेही पुसणे होय. फिकट हिरवी, भुकटीसारखी पुटकुळी मात्र क्लोराइडामुळे होणाऱ्या क्षरणाची खूण असून तिच्यावर तज्ञाकडूनच उपचार करावे लागतात. घडीव लोखंडी तोफ उभ्या पट्ट्या आणि त्यांवर तापवून चढविलेली कडी यांची बनलेली असते. पाणी कड्यांच्या फटींत साचते, गंज फुगतो व कडी उकलतात. अशा तोफेवर तैलरंग फासल्यास ओल आतच कोंडते. सैल गंज काढणे, टॅनिक अम्लाचा लेप व त्यावर मेण, तसेच तोफ मातीवर न ठेवता दगडी वा लाकडी आधारावर तोंड किंचित खाली करून ठेवणे, हे उपाय अधिक हितकारक ठरले आहेत. नळी साफ करण्यापूर्वी आत जुनी दारू व गोळा नाही याची खात्री करावी लागते.

महाराष्ट्रातील राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा प्राचीन स्मारके अधिनियम लागू आहे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी तोफ पुरावशेष ठरते व खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही. मुलूखमैदानचे संरक्षण केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. परंड्याचा किल्ला राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या अखत्यारीत येतो.